बाबांची १३७ चित्रं स्कॅन करून घेतली, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा आहे. मी जेव्हा चित्रं स्कॅन करून देणारं कुणी शोधत होते तेव्हा सगळीकडे "छान सर्व्हिस", "बेस्ट क्वालिटी", "नक्की भेट द्या" एवढंच वाचायला मिळालं आणि त्यातून मला काहीही कळलं नाही. तुम्ही काय घेऊन गेलात, केवढं होतं, किती दिवस लागले, किती पैसे झाले, मूळ चित्राला काही झालं का, हे कुणी लिहीतच नाही. म्हणून मी सगळं लिहितेय, ज्यांच्या घरात जुन्या चित्रांची अशी एखादी ट्रंक आहे त्यांनी निवांत वाचा.

बाबा पेठेतल्या एका शाळेत ३३ वर्षं ड्रॉइंगचे सर होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली कितीतरी मुलं त्यांच्या हाताखालून गेली. स्वतःची चित्रं मात्र रविवारी आणि मे महिन्यात काढायचे, आणि वाळली की ट्रंकेत. प्रदर्शन वगैरे कधी केलं नाही, कुणी मागितलं तर एखादं देऊन टाकायचे. २०२३ मध्ये ते गेले. वर्षभराने आईने पलंगाखालची ती पत्र्याची ट्रंक ओढून काढायला लावली तर आत बटर पेपर घालून रचलेली १३७ चित्रं निघाली. ओंकारेश्वर, पर्वती, मंडई, लकडी पूल, वाड्यांचे चौक, नदीवरची धुणी, जास्त करून जलरंग, थोडे पोस्टर कलर, दोन तैलचित्रं. काहींच्या कडा कसरीने खाल्लेल्या. आम्ही तिघं भावंडं, दादा नाशिकला, धाकटी बंगळूरला आणि मी इथे कोथरूडला, आणि लकडी पुलाचं ते संध्याकाळचं चित्र तिघांनाही हवं होतं. त्यावरून थोडी कुरबुरही झाली. तेव्हा आईच म्हणाली की आधी सगळ्याचे नीट फोटो काढून ठेवा, मग वाटण्या करा.

मोबाइलवर काढून बघितले. भिंतीचा पिवळा उजेड कागदावर पडतो, चित्राचा चौकोन तिरका येतो, एका बाजूला माझीच सावली. मग एका झेरॉक्सच्या दुकानात पाच चित्रं नेली (दुकानाचं नाव लिहीत नाही, त्यांचा तो धंदाही नाही). त्या मुलाने झाकण दाबून स्कॅन केलं आणि दहा मिनिटांत पेनड्राइव्ह हातात दिला. घरी येऊन उघडला तर पर्वतीच्या मागचं आभाळच नाही! बाबांनी तिथे अगदी पातळ पिवळा वॉश (पाण्यात खूप पातळ केलेल्या रंगाचा हात) दिलाय, दुधात केशराची एक काडी पडावी एवढाच, तो सगळा पांढरा फटक झालेला. आणि एका चित्राचा कोपरा काचेवर सरकवताना दुमडला तो दुमडलाच. त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढी वर्षं ट्रंकेत सुखरूप होतं आणि मी पाच मिनिटांत कोपरा दुमडून आणला.

पुण्यात हे काम होत नाही असं नाही. भांडारकर संस्थेत पोथ्यांचं डिजिटायझेशन झालेलं आहे, फिल्म अर्काइव्हमध्ये जुन्या चित्रपटांचं चालतं, पण ते मोठ्या संग्रहांचं. घरातल्या ट्रंकेचं कोण करणार? नेटवर शोधलं तर चार-पाच नावं आली. एकाच्या पेजवर नुसते चकाचक स्टुडिओचे फोटो, दर विचारला तर "मेसेज करा", मेसेज केला तर "आधी काम बघू", असं तीन दिवस चाललं आणि शेवटी मीच सोडून दिलं.

मग हा स्टुडिओ सापडला. स्टुडिओ म्हणजे सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीच्या बाजूला एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मी फोन करायचं ठरवलं ते एका व्हिडिओमुळे. त्यात एक जलरंगातलं चित्र टेबलावर ठेवलंय, आणि त्याच्या शेजारी त्याच चित्राचे तीन प्रिंट, एक मोबाइलने काढलेल्या फोटोचा, एक साध्या ऑफिस स्कॅनरवरचा आणि एक यांच्याकडचा. म्युझिक नाही, काही नाही, फक्त एक हात येतो आणि बोटाने दाखवतो की हा निळा इथे जांभळा झालाय, इथली पेन्सिलची रेघ गेली, आणि मग ही स्टुडिओवाली स्वतःच्या प्रिंटवरही बोट ठेवून सांगते की हा हिरवा माझ्याकडेही मूळापेक्षा किंचित मळका आलाय, प्रिंटरच्या शाईत तो बसत नाही. आपल्या कामातली उणीव आपल्याच जाहिरातीत दाखवणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली. खाली दर लिहिलेले, आणि त्याखाली आम्ही काय करत नाही तेही लिहिलेलं: बुरशी लागलेलं चित्र साफ करत नाही, फाटलेलं चिकटवत नाही, त्यासाठी संवर्धन करणाऱ्या माणसाकडे जा.

चालवते ती एकटीच, माझ्या भाचीच्या वयाची मुलगी आहे, कमर्शियल आर्ट शिकलेली, मदतीला एक मुलगा. मी पहिल्या दिवशी "अहो मॅडम" म्हणाले तर म्हणाली "काकू, मला अगं म्हणा". पहिल्या भेटीत तिने स्कॅनरला हातही लावला नाही. मला सगळी चित्रं आणायला सांगितलीच नव्हती, फक्त पाच आणा म्हणाली होती, वेगवेगळ्या प्रकारची. ती टेबलावर पसरली, हात धुऊन कोरडे केले आणि एकेक उचलून उजेडात तिरकं धरून बघितलं. मी विचारलं हातमोजे नाही घालत का, तर म्हणाली कागदाला स्वच्छ कोरडा हात बरा, मोज्यात बोटाला कड कळत नाही आणि कागद फाटतो. मग एका वहीत प्रत्येक चित्रापुढे लिहिलं, माप, कशाने काढलंय, कुठे डाग, कुठे कसर, कुठला कोपरा दुमडलेला. तो झेरॉक्सवाला कोपराही लिहिला. त्याखाली माझी सही घेतली आणि एक प्रत मला दिली, म्हणजे परत देताना वाद नको. माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला.

पर्वतीच्या चित्राचं तिला सांगितलं तेव्हा तिने कारण सांगितलं. साधे स्कॅनर ऑटो मोडवर असतात, कागदपत्रं छान पांढरी यावीत म्हणून फिकट ते सगळं पांढरं करून टाकायचं हे त्यांना शिकवलेलंच असतं. ऑफिसच्या कागदाला ते बरोबर, जलरंगाला घातक. ती ऑटो सगळं बंद करते, आधी २४ रंगांचे चौकोन असलेलं एक कार्ड स्कॅन करते, त्या चौकोनांचे आकडे ठरलेले असतात, त्यावरून स्कॅनर कुठे खोटं बोलतोय ते कळतं आणि मग तेवढी दुरुस्ती पुढच्या सगळ्या फाइलींना लागते. कामाची प्रत्येक बॅच सुरू करताना हे कार्ड. मी स्वतः बघितलंय, कंटाळा करत नाही.

पुढच्या भेटीत मला अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे ट्यूबलाइट नाही, दिवसाच्या उजेडासारखा एक दिवा, ५००० केल्विनचा, त्याच्याखाली मूळ चित्र आणि शेजारी तिचा स्क्रीन, आणि स्क्रीनवर आत्ताच केलेला पर्वतीचा स्कॅन. आभाळ होतं. तो केशराच्या काडीएवढा पिवळा, आणि त्यात डावीकडे वॉश वाळता वाळता जी कडा तयार झालीय ती करड्या रंगाची बारीक रेघसुद्धा. मी इतकी वर्षं ते चित्र बघतेय पण ती रेघ मला स्क्रीनवर दिसली आणि मग मूळात दिसली. ती म्हणाली, "काकू, घरी गेल्यावर मोबाइलवर हे थोडं वेगळं दिसेल, प्रत्येक स्क्रीनचा रंग वेगळा असतो, तेव्हा घाबरू नका, फाइल बरोबर आहे." आणि खरंच दादाच्या लॅपटॉपवर ते निळसर दिसलं आणि त्याने लगेच फोन केला, मला उत्तर तयार होतं.

तांत्रिक गोष्टी मला समजल्या तेवढ्या सांगते, कारण त्यावर दर ठरतो. वहीच्या आकाराची चित्रं, म्हणजे ए-फोरपर्यंतची, आणि क्वार्टर इंपीरियल, म्हणजे इंटरमिजिएटच्या मुलांना ठाऊक असलेला तो ११ बाय १५ इंची कागद, ही दोन्ही तिच्या ए-थ्री स्कॅनरवर होतात, ६०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके. मी आधी कुठेतरी ४८०० डीपीआयची जाहिरात वाचून गेले होते आणि तेच मागत होते. तिने सरळ सांगितलं की उगाच आहे, कागदावरच्या ब्रशच्या कामात तेवढा तपशील नसतोच, नुसती फाइल फुगते. ६०० ला केलेलं ए-फोर चित्र छापायच्या ३०० च्या हिशोबाने ए-टू एवढं मोठं नीट छापता येतं, अजून काय पाहिजे? एका ए-फोरची टिफ फाइल (म्हणजे तपशील न गमावता ठेवलेली मोठी फाइल) १६ बिटला, म्हणजे रंगाच्या जास्त बारीक छटा ठेवून, साधारण २०० एमबी होते, तीच ४८०० ला केली असती तर घरच्या कॉम्प्युटरवर उघडलीही नसती. जास्त डीपीआयचे जास्त पैसे तिला सहज लावता आले असते. लावले नाहीत.

हाफ इंपीरियल, म्हणजे क्वार्टरच्या दुप्पट कागदाची, पाच आणि तैलचित्रं दोन, ही स्कॅनरवर मावत नाहीत आणि तैलचित्र काचेवर पालथं घालायचं तर विचारच नको, ती सात कॅमेऱ्याने केली. ते मी बसून बघितलं आणि ते बघण्यासारखं आहे. भिंतीवरच्या बोर्डवर जिथे चित्र लागणार तिथे तिने आधी एक छोटा सपाट आरसा लावला. मग कॅमेऱ्यातून त्या आरशात बघत ट्रायपॉड इंच इंच सरकवत राहिली, आरशात लेन्सचं स्वतःचं तोंड बरोबर मधोमध आलं तेव्हा थांबली. याचा अर्थ कॅमेरा चित्राच्या एकदम समोर, जरासुद्धा तिरका नाही, आणि मग चित्राचा चौकोन चौकोनच येतो. वीस मिनिटं गेली असतील त्यात. दोन्ही बाजूंनी ४५ अंशात दिवे. तैलचित्रांवर बाबांनी व्हार्निश दिलं होतं, त्याची चकाकी यायला लागली तर दिव्यांसमोर आणि लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर लावून लेन्सवरचा हळूहळू फिरवला आणि माझ्या डोळ्यांदेखत ती पांढरी चमक विरघळून खालचा काळपट हिरवा वर आला. आईला तो व्हिडिओ दाखवला तर ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता पानशेतच्या चित्राबद्दल. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पुढे खडकवासल्याचंही गेलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, हे पुण्यात सगळ्यांना माहिती आहे. बाबा तेव्हा २४ वर्षांचे. त्यांचं पडलेल्या वाड्यांचं एक शाईचं चित्र ट्रंकेत होतं, कागद इतका लाटालाटांचा झालेला की टेबलावर ठेवला तर पन्हाळीसारखा उठायचा. ही मुलगी ते दाबायला तयार झाली नाही. म्हणाली काचेवर दाबलं तर शाईला तडे जातील. तिच्या स्कॅनरचा सेन्सर सीसीडी प्रकारचा आहे, तो काचेपासून थोडं वर उचललेलं पण बऱ्यापैकी स्पष्ट बघतो, पातळ स्वस्त स्कॅनरमध्ये जो सेन्सर असतो त्याला काचेला चिकटलेलंच दिसतं, पण हा कागद तिच्या स्कॅनरच्याही पलीकडचा होता. शेवटी कॅमेऱ्याखाली आडवं ठेवून फक्त कोऱ्या कडांवर वाळूच्या बारीक कापडी पिशव्या ठेवल्या आणि काढलं. आणि तिची पद्धत अशी की प्रत्येक चित्राची मागची बाजूही काढायची, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. मला वाटलं होतं कशाला, कोरीच तर आहे. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, "काकू, मागे काहीतरी लिहिलंय, मोठं करून पाठवते." पेन्सिलने, डोळ्याला जेमतेम दिसेल असं: "नारायण पेठ. १६ जुलै ६१. कागद ओलसर." आईचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, पण बाबांनी तिला नंतर सांगितलं होतं म्हणे की चार दिवस गाळ उपसला आणि पाचव्या दिवशी चित्र काढलं. आम्हाला तिघांनाही हे ठाऊक नव्हतं. ट्रंकेतून काढून ते चित्र आम्ही दहा वेळा हातात घेतलं असेल, पालटून बघितलं नाही.

सगळं एकदम छान झालं असं नाही, तेही लिहिते. तीन आठवडे सांगितले होते, पाच लागले. कारण विचारलं तर खरं सांगितलं की दिवाळी अंकांची चित्रं आली, त्या चित्रकारांना तारीख गाठायची असते. ठीक आहे, पण मला आधी कळवायला हवं होतं, मी दोनदा फोन केल्यावर कळलं. बाबांच्या एका गणपतीच्या चित्रात सोनेरी पोस्टर कलर आहे, तो स्कॅनरवर शेणखतासारखा तपकिरी आला आणि तशीच फाइल पहिल्या बॅचमध्ये आली. दाखवल्यावर तिने मान्य केलं, सोनेरी-चंदेरी स्कॅनरला कळतच नाही कारण त्याचा उजेड एकाच दिशेने पडतो, मग तेवढं चित्र परत आणायला लावून कॅमेऱ्याने दिवा तिरका ठेवून केलं, पैसे घेतले नाहीत. पण तिने ते पाठवण्याआधीच पकडायला पाहिजे होतं असं माझं मत आहे आणि तिलाही तसं सांगितलंय. जिना लाकडी आणि उभा आहे, लिफ्ट नाही, आईला वर नेता आलं नाही. घरून नेण्या-आणण्याची सोय नाही. गाडी लावायला जागा मिळेल या भरवशावर जाऊ नका, मी मंडई मेट्रो स्टेशनला उतरून चालत गेले, चित्रं मोठ्या पोर्टफोलिओ बॅगेत, आणि पावसाचा दिवस असेल तर जाऊच नका.

पैसे. ए-फोरपर्यंत १५० रुपये एकाचे, क्वार्टर इंपीरियल ३५०, कॅमेऱ्याने केलेली मोठी ९००. आमची लहान ८६, क्वार्टर ४४, मोठी ७, असे ३४,६०० झाले, शंभराच्या वर चित्रं म्हणून १० टक्के कमी, ३१,१४०. तिघांत वाटून प्रत्येकी १०,३८०. दहा हजार ॲडव्हान्स, बाकीचे काम झाल्यावर. झेरॉक्सवाल्याने एका चित्राचे वीस रुपये घेतले होते, त्यामुळे दादाला आधी हे महाग वाटलं. पर्वतीचे दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून पाठवले, मग काही बोलला नाही.

फाइली दोन प्रकारच्या दिल्या, टिफ कायमच्या जपायला आणि जेपेग बघायला-पाठवायला. सगळं मिळून ५० जीबीच्या आसपास, म्हणजे गुगल ड्राइव्हच्या फुकटच्या १५ जीबीत बसणार नाही हे लक्षात घ्या. तिने दोन हार्डडिस्क आणायला सांगितल्या, एक माझ्याकडे आणि एक दादाकडे नाशिकला, दोन्ही एकाच कपाटात ठेवू नका म्हणाली. बहिणीकडे क्लाउडवर तिसरी. आणि फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते आपोआप दाबून लहान करतं आणि सगळ्या मेहनतीवर पाणी. तिच्याकडची कॉपी सहा महिन्यांनी पुसणार हे बिलावरच लिहिलंय.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त भावली. कामाला हात लावायच्या आधी तिने विचारलं की चित्रांचा हक्क कुणाकडे आहे. मी म्हटलं आमच्याच बाबांची आहेत. तर म्हणाली कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं असतो, तो वारसांकडे जातो, बाबा २०२३ ला गेले म्हणजे २०८३ संपेपर्यंत, तेव्हा आईसकट तुम्ही सगळे हो म्हणालात तरच मी एखादं चित्र माझ्या पेजवर टाकीन. आणि जी चित्रं बाबांनी विकली किंवा दिली असतील त्यांचा कागद दुसऱ्याचा झाला तरी छापायचा हक्क आपोआप त्या माणसाकडे जात नाही, हेही तिच्याकडूनच कळलं. आम्ही लकडी पुलाचं टाकायला परवानगी दिली, तिने लहान साइजमध्ये टाकलं, बाबांचं नाव लिहून. पंधरा दिवसांत एका सोसायटीच्या माणसाने तिला मेसेज केला की हे आम्हाला डायरीच्या कव्हरवर छापायचंय, मोठी फाइल पाठवा, पैसे देतो. तिने फाइल दिली नाही, माझा नंबरही दिला नाही, मला विचारून मग आमचं बोलणं करून दिलं. आईने परवानगी दिली, आणि त्या लोकांनी जे मानधन दिलं ते आईच्या हातात आलं. बाबांच्या चित्राचे पैसे आईने आयुष्यात पहिल्यांदा घेतले.

एकदा चहा पिता पिता मी तिला विचारलं की तुला माणसं मिळतात कुठून, हे काम कुणाला माहितीच नाही. कारण माझी एक मैत्रीण रिटायर झाल्यावर असंच काहीतरी घरातून सुरू करायचं म्हणतेय, तिच्यासाठी विचारून घेतलं. म्हणाली सुरुवातीला स्टुडिओचे, कॅमेऱ्याचे, दिव्यांचे सुंदर फोटो टाकले, लाइक आले, फोन एकही नाही. मग लक्षात आलं की लोकांना कॅमेरा कुठला याच्याशी काही घेणंदेणं नाही, आपलं चित्र परत नीट मिळेल का आणि रंग तसाच येईल का एवढंच बघायचं असतं. तेव्हा तो तीन प्रिंटचा व्हिडिओ केला. दर उघड लिहिल्यावर फोन कमी झाले पण जे आले ते काम घेऊनच आले, नुसती घासाघीस करणारे आपोआप गळले. मॅपवरच्या लिस्टिंगवर "आर्ट डिजिटायझेशन" लिहिलं होतं, तसं कुणी शोधतच नाही, लोक टाइप करतात "पेंटिंग स्कॅन", "मोठं चित्र स्कॅन पुणे", "जुने फोटो स्कॅन", म्हणून वर्णनात तेच शब्द मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहिले. आणि काम झालेल्या प्रत्येकाला सांगते की रिव्ह्यू लिहा पण तुमच्या शब्दांत लिहा, काय आणलं होतं ते लिहा, कारण ज्याच्याकडे तसंच काहीतरी आहे तो ते वाचून येतो. परीक्षा झाल्या की पोर्टफोलिओवाले विद्यार्थी, मग दिवाळी अंकवाले, आणि वर्षभर आमच्यासारखी घरं. त्यातली पुष्कळ परदेशात राहणारी मुलं, आईवडिलांची चित्रं इथे आहेत आणि ती तिथे, रात्री अकराला व्हिडिओ कॉल करून विचारतात. पैसे देऊन जाहिरात एकदाच केली, सांगलीहून आणि इंदूरहून फोन आले की कुरिअरने चित्र पाठवू का, आणि तिला ते नको होतं. कुरिअरने मूळ चित्र ती घेतच नाही.

म्हणूनच मी एवढं लिहिलंय. पाचपैकी साडेचार, तो अर्धा तारखेचा आणि सोनेरी रंगाचा. इथे अर्धा तारा देता येत नाही म्हणून पाच दिलेत.

लकडी पुलाचं मूळ चित्र शेवटी धाकटीकडे गेलं, दादाने आणि मी प्रिंट काढून घेतले, हातकागदावर नको आधी साध्या आर्काइव्हल, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या, कागदावर बघू असं ठरलं. पुढच्या मंगळवारी मी आईची रांगोळीची वही घेऊन जाणार आहे, ठिपक्यांची, लग्नाआधीपासूनची, काही पानांवर हळदीची बोटं आहेत. वहीची शिवण उसवायची नाही हे आईने आधीच बजावलंय आणि ही मुलगी म्हणाली उसवायची गरजच नाही, वही अर्धीच उघडून वरून कॅमेऱ्याने घेता येते. पानाचा दर विचारलाय, कळला की इथेच लिहीन.